शून्याला माप लागत नाही

"पाचशे बारा? कुणाच्या मापानं?"

हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. नमस्कार नाही, नाव-गाव नाही, चहा घेणार का नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, स्क्रीनवरच्या माझ्या ओळीवर नख टेकवलं आणि विचारलं. मी पुण्याची. मागून येऊन कुणी प्रश्न विचारला की आधी उलटं उत्तर द्यायचं आणि मग विचार करायचा, अशी आमची रीत. म्हटलं, "सगळ्यांच्याच मापानं. सगळे पाचशे बाराच लिहितात."

"सगळे म्हंजे कोण, माय? नावं सांग. मी घरी जाऊन इचारून येतो."

नवी नोकरी, नवं शहर, आणि पहिल्याच आठवड्यात हे! मला असा राग आला होता की विचारू नका.

आमचं ऑफिस हायटेक सिटीच्या काचांमध्ये नव्हतं. बरकतपुऱ्यात, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. काम एकच, पण जोखमीचं: मोठ्या संस्थांचा डेटा जुन्या डिस्कांवरून नव्या डिस्कांवर नेऊन द्यायचा. त्याचा प्रोग्राम आमचा स्वतःचा, सी भाषेतला, आणि तो शक्य तितक्या जातींच्या यंत्रांवर चालायला हवा. हे गृहस्थ तिथले सगळ्यांत जुने इंजिनिअर. मूळचे देगलूरकडचे, वडील काचीगुड्याला रेल्वेत लागले म्हणून हैदराबादचे झालेले. घरात मराठवाडी, बाहेर दखनी, आणि ऑफिसात दोन्हींची भेळ. मी त्यांना सर म्हणायची. बाकीचं ऑफिस त्यांना 'नापसाब' म्हणायचं, कारण हिंदीत त्यांचा तोच प्रश्न असायचा: किसके नाप से?

प्रश्नात तथ्य होतं, हे कबूल करायला मला महिना लागला. सीमध्ये एखाद्या फाईलची चौकशी केली की यंत्र इतर गोष्टींबरोबर दोन आकडे सांगतं. फाईल किती लांब आहे हा एक, आणि डिस्कवर तिनं किती ब्लॉक अडवलेत हा दुसरा. लांबी बाईटमध्येच असते, तिचं भांडण नाही. भांडण ब्लॉकचं. ब्लॉक किती ते यंत्र सांगतं, पण केवढा ते सांगत नाही, आणि सगळ्यांनी पाळायचं म्हणून जे मानक आहे त्यानंही ते ठरवून दिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी तो पाचशे बारा बाईटचा असतो, म्हणून माझ्यासारखी माणसं डोळे मिटून तेवढ्यानं गुणतात. काही जुन्या यंत्रांवर तो त्याहून मोठा निघतो आणि मग सगळा हिशोब बोंबलतो. कुणी शहाणा त्याच चौकशीतला तिसरा आकडा, म्हणजे एका वेळी किती बाईट वाचणं सोयीचं तो, उचलून त्यानं गुणायला गेला की सर कपाळावर हात मारत. "घास येगळा, ब्लॉक येगळा! पोतं काय घासानं मोजायलास का बे?"

एकदा न राहवून मी विचारलं, "सर, हे मापाचं खूळ तुम्हाला लागलं तरी कुठून?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझी आजी पाटलाच्या शेतात खुडायला जायची. मजुरी ज्वारीत. देताना पाटलाची बारकी पायली निघायची, अन् तीच ज्वारी आजी उसनी आणायला गेली की परत घेताना दुसरी, मोठी पायली निघायची. दोन्हीला पायलीच म्हणायचे. आमच्या वस्तीत समद्यांना माहीत होतं. बोलायची सोय नव्हती." मग चष्मा पुसून म्हणाले, "आकडा ज्यानं सांगितला त्याला माप इचारायचं. भेत भेत का होईना, इचारायचं." त्यानंतर मी त्यांच्या प्रश्नाची टिंगल केली नाही. म्हणजे, कमी केली.

कारण टिंगल करण्यासारखं बरंच होतं. बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घ्यायचा तर गौलीगुड्यात फिरून फिरून एकच फूलवाली गाठायचे. इथं गजरा मुरावर मिळतो. मूर म्हणजे विकणारीच्या कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी. ही फूलवाली चांगली उंचपुरी होती. "हिचा हात बघ," मला अभिमानानं दाखवायचे, जणू तो हात त्यांनीच घडवलाय. मी पहिल्यांदा कँटीनमध्ये जेवले तेव्हा भात वाढणाऱ्याला म्हटलं, "चालू द्या." त्यानं झटकन डाव मागे घेतला. पुन्हा म्हटलं, "अहो, चालू द्या की!" तो पुढच्या ताटाकडे सरकला. मी उपाशी आणि संतापलेली. सर समोर बसून गालातल्या गालात हसत होते. "तेलुगूत चालु म्हंजे पुरे, माय. तू दोनदा पुरे म्हणलीस. त्याचं काय चुकलं?"

आणि हा सगळ्या जगाला मापं विचारणारा माणूस स्वतः वेळ मात्र हैदराबादी मापानं सांगायचा. दखनीत 'परसों' म्हणजे परवाच असं नाही, मागे केव्हाही. "परसों माझं लगीन झालं ना, तवा लई ऊन होतं." मी म्हणायची, "सर, किती वर्षांपूर्वीचं परसों?" ते चिडायचे. "तुला मतलब कळला ना? मग?"

गंमत इथपर्यंतच. ज्या प्रसंगामुळे ते माझ्या मनातून जात नाहीत तो गमतीचा नाही.

मी रुजू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी एका बँकेचं काम ऐन वेळी थांबवलं होतं. 'काहीतरी चुकायलंय' एवढंच कारण. सगळे खोळंबले, रात्रंदिवस तपासलं, आणि काहीही चूक निघाली नाही. बँक बिथरली. आमच्या मॅनेजरनं, तो विजयवाड्याचा, बोलायला गोड आणि आतून कडक, त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं: पुराव्याशिवाय पुन्हा एकदा काम थांबवलंत, तर तुम्ही घरी. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? हे त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही.

मग मलकपेठच्या बाजूच्या एका इस्पितळाचं काम आलं. रुग्णांचे स्कॅन, रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या टिपा. टिपा म्हणजे प्रत्येक रुग्णामागे एक छोटीशी फाईल, चार-सहा शब्दांची. साखर आहे. अमुक औषध चालत नाही. सगळं जुन्या यंत्रावरून नव्यावर गेलं. शुक्रवारी सकाळपासून वॉर्डांमध्ये नवंच सुरू झालं. जुनं यंत्र भाड्याचं होतं. ते त्याच दुपारी पुसून मालकाला परत जायचं होतं. पुसलं की संपलं, त्यातून काही परत येत नाही. पुसण्याआधी आमच्याकडून 'सगळं बरोबर उतरलं' अशी संमती जायची, आणि ती सरांनी द्यायची होती.

सगळे ताळे जुळले होते. फाईली तेवढ्याच, लांबी तेवढीच, आणि दोन्हीकडचं वाचून ताडून पाहणाऱ्या आमच्या तपासणीतही एक फरक नाही. तरी सर संमती देईनात.

"लवकर झालं," ते म्हणाले.

"लवकर झालं ही काय तक्रार आहे?" मी म्हटलं.

"बारक्या फाईलींना टाईम लागतो, माय. एकेक उघड, वाच, मिट. ह्या हजारो हायेत, अन् काल जेवणाचे डबे उघडायच्या आत निघाल्या. कशा निघाल्या?"

मॅनेजर माधापूरला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होता. फोनवर सर म्हणाले, थोडा वेळ द्या. तो म्हणाला, पुरावा द्या. पुरावा नव्हता. "मग मीच पाठवतो संमती," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि पाठवलीही. खरं सांगते, मला त्या क्षणी रुग्णांची नाही, सरांची काळजी वाटत होती. मी म्हटलं, "सर, आता तुमच्यावर काही नाही. सोडून द्या."

ते ऐकतच नव्हते. त्यांनी फाईल वाचणाऱ्या भागाचा कोड उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. ही त्यांची सवय. पोथी वाचल्यासारखे, ओळीवर बोट ठेवून, कंस-बिंससुद्धा उच्चारत. एरवी सगळे हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि आवाजही थांबला.

ओळीचा अर्थ इतकाच होता: फाईलीचे ब्लॉक शून्य असतील तर ती वाचत बसू नका, तिच्या लांबीइतकी शून्यं द्या.

ही तशी अक्कलहुशारीची ओळ. काही फाईली नावालाच लांब असतात. आत कुणी काही लिहिलेलंच नसतं, नुसती पोकळी. त्यांना डिस्कवर एकही ब्लॉक लागत नाही. अशी पोकळी वाचण्यात वेळ कशाला घालवा?

"ही कुणी लिहिली?" मी विचारलं आणि जुन्या नोंदी उघडल्या. नाव दिसलं.

"मीच," सर म्हणाले. "परसों लिहिली." नोंदीतलं परसों चांगलं बारा वर्षांपूर्वीचं होतं.

ते खुर्चीत मागे टेकले. हळूहळू बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना. "ब्लॉकच्या मापाचा भरवसा नव्हता ना, म्हणून मी मापच काढून टाकलं. म्हणलं, शून्य धरू. पाचशे बारानं गुण, हजारानं गुण, शून्य ते शून्यच. शून्याला माप लागत नाही, माय. लई खूश झालतो त्या दिवशी. घरी जिलेबी नेली होती." मग एकदम सरळ बसले. "त्यांचं जुनं यंत्र कोणत्या जातीचं हाय? बारकी फाईल कुठं ठेवतं ते?"

मी शोधलं. माहितीपत्रकात ते कौतुकानं लिहिलेलं होतं: अगदी छोट्या फाईलींना वेगळी जागाच लागत नाही. जिथं फाईलीचं नाव, तारीख वगैरे ठेवायचं, त्याच कोपऱ्यात तिचा मजकूरही बसवून टाकतं. म्हणजे लांबी आहे, मजकूर आहे, आणि ब्लॉक शून्य.

म्हणजे आमच्या प्रोग्रामनं त्या टिपा उघडल्याच नव्हत्या. पोकळ समजून प्रत्येकीच्या जागी तेवढ्याच लांबीची शून्यं, म्हणजे पडद्यावर नुसती कोरी जागा, लिहून टाकली होती. आणि तपासणी? तीही याच वाचणाऱ्या कोडमधून जायची! इकडेही शून्यं, तिकडेही शून्यं, ताळा पक्का. अग आई गं!

मॅनेजरचा फोन लागेना. पुसायला आलेल्या यंत्रवाल्यांच्या माणसाचा बंद. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागाचा नुसता वाजतोय. सर उठले, हेल्मेट माझ्या हातात कोंबलं. "चल."

त्यांची स्कूटर मी तोवर फक्त नावं ठेवण्यापुरतीच पाहिली होती. काचीगुड्यापर्यंत ठीक गेलो. चादरघाटच्या पुलावर गाड्या अशा तुंबल्या होत्या की पुढचं माणूस हलेना. सर हॉर्न वाजवत नव्हते, कुणाला शिव्या देत नव्हते. मीच देत होते. अस्सल पुणेरी मराठीत, कुणालाही न कळणाऱ्या. मध्येच ते मान न वळवता म्हणाले, "शुक्रवार हाय. तो पुसणारा पोरगा मुसलमान हाय. जुम्म्याच्या नमाजाला गेला आसंल, तर आपलं नशीब."

गेला होता. आम्ही इस्पितळाच्या तळघरात पोचलो तेव्हा तो नुकताच परत येऊन, टोपी घडी करून खिशात ठेवत, यंत्रासमोर बसत होता. रेकॉर्ड विभागाच्या बाई, ज्यांना सगळे आपा म्हणजे ताई म्हणायचे, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, शेजारीच होत्या.

"हात नक्को लगाव!" सर दारातूनच ओरडले.

तो दचकला. "क्यों साब? आपकेच मॅनेजर साब का ऑर्डर आया मेरेकू. गाडी नीचे खड़ी है, चार बजे तक मशीन देना है."

इतक्यात सरांचा फोन वाजला. मॅनेजर. सरांनी स्पीकर लावला. तो चांगलाच तापला होता. "सर, फिर वोइच? बँक का भूल गए? पुरावा आहे का, एवढंच सांगा."

"एक फाईल उघडून दावतो," सर म्हणाले.

आपांनी नव्या यंत्रावर कुठलातरी रुग्ण उघडला. टिपेची जागा कोरी. "खाली है," त्या म्हणाल्या, "पर खाली तो बहुतों का रहता साब. सब को थोड़ी कुछ रहता." मॅनेजर फोनवर सुस्कारला. कोरेपणा हा पुरावाच नव्हता!

"आता तोच जुन्यावर," सर त्या पोराला म्हणाले. त्यानं घड्याळ पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि नाइलाजानं पुसण्याची खिडकी बंद करून ती फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजीत एवढंच होतं: पेनिसिलिन देऊ नये, मागे श्वास अडकला होता.

आपांनी तोंडावर हात घेतला. "या अल्लाह."

मग मॅनेजरचा आवाज आला, आणि तो आता एकदम गोड झाला होता. "ठीक. पुसणं बंद. सर, तुम्ही थोर आहात. आता नीट ऐका. जुन्या यंत्रानं आपल्याला चुकीची माहिती दिली. फाईलीत मजकूर असून ब्लॉक शून्य सांगितले. चूक यंत्रवाल्यांची. मी इस्पितळाला तसंच कळवतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

यंत्रवाल्यांचा तो पोरगा स्पीकरवर हे सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. त्याची काय चूक? तो बिचारा पुसायला आलेला. पण मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते, की सर, हो म्हणा. एकदाच हो म्हणा. नोकरी राहील, पुसणं थांबवलं म्हणून कौतुकही होईल, आणि ती ओळ मी सोमवारी गुपचूप काढून टाकीन. कुणाला कळणारसुद्धा नाही.

"नाही साहेब," सर म्हणाले. "यंत्र खोटं नाही बोललं. ते म्हणलं शून्य ब्लॉक. खरंच शून्य होते. रिकामी हाय असं ते कुठं म्हणलं? ते मी माझ्या मनानं ऐकलं. ओळ माझी हाय."

"सर, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?"

"हौ."

"मग सोमवारपासून येऊ नका." फोन बंद झाला.

मला रडू कोसळलं. भांडायला कुणी समोर नव्हतं, म्हणून मी सरांवरच ओरडले, "काय गरज होती? कोण विचारत होतं तुम्हाला?" ते माझ्याकडे पाहतही नव्हते. ते आपांना विचारत होते, "आपा, सबेरेसे वॉर्ड में नयाच चलरा ना? ये कोरा वालाच?"

आपा एकदम उभ्या राहिल्या. मलाही तेव्हाच उमगलं. पुसणं थांबलं होतं, पण वरच्या मजल्यांवर सकाळपासून सिस्टर लोक त्याच कोऱ्या जागा बघून औषधं देत होते.

सर जुन्या यंत्रासमोरच्या खुर्चीत बसले. त्या पोरानं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आज भरती असलेले रुग्ण एकेक करून उघडून द्यायला लागला. सर नाव वाचायचे, मग टीप. आपा इंटरकॉमवर त्या त्या वॉर्डाला तीच सांगायच्या. मी त्यांच्यासाठी वॉर्ड शोधून देत होते. कुणाला सल्फा चालत नव्हतं, कुणाचं एकच मूत्रपिंड होतं. पलीकडून "जी आपा, जी आपा" येत होतं. मग बायकांच्या वॉर्डातलं एक नाव आलं. टीप पुन्हा पेनिसिलिनचीच. आपांनी सांगितली. पलीकडून जी आलं नाही.

"सिस्टर? सुने क्या?" आपांनी स्पीकर लावला.

"सुनी," आवाज अगदी बारीक होता. "सुई भरके हाथ में लेके खड़ी हूँ, आपा. स्क्रीन पे कुछ नहीं था."

"फेंको. अब्भी फेंको."

काहीतरी पत्र्याच्या डब्यात पडल्याचा आवाज आला. सरांचं बोट पडद्यावर त्याच नावावर होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी हातानं बाजूला सारला, आणि फुटक्या आवाजात पुढचं नाव वाचलं.